ठाण्याच्या अस्थी, झैतूनचा मठ

नमस्कार श्रोतेहो.

१३२१ साली होर्मुझहून निघालेलं एक जहाज ठाण्याला येऊन लागलं. जायचं होतं केरळातल्या कोल्लमला, पण उतारू उतरले आपल्या कोकणात. त्यांत फ्रान्सिस्कन या ख्रिस्ती साधूंच्या पंथाचे चौघे होते: टोलेंटिनोचे थॉमस, पादुआचे जेम्स, सिएनाचे पीटर आणि जॉर्जियाचे दिमित्री. ठाण्यात तेव्हा नेस्टोरियन, म्हणजे पूर्वेकडच्या एका जुन्या शाखेची, ख्रिस्ती कुटुंबं राहत. त्यांच्यापैकी एका घरी हे पाहुणे थांबले. त्या घरातलं नवरा-बायकोचं भांडण काझीपुढे गेलं, साक्षीसाठी पाहुण्यांची नावं निघाली आणि साक्ष राहिली बाजूला, धर्मावरच वाद पेटला. एप्रिलमध्ये चौघेही मारले गेले. त्यांचा सोबती जॉर्डानस तेव्हा बाहेरगावी होता, म्हणून वाचला. त्यानं त्यांना सोपाऱ्यात पुरलं.

ही गोष्ट काहींच्या कानावर असेल. मला सांगायचंय ते पुढचं. काही वर्षांनी ओदोरिक नावाचा त्याच पंथाचा प्रवासी आला, त्यानं त्या अस्थी उकरून घेतल्या आणि थेट चीनला नेल्या. कुठे? तर झैतूनला, म्हणजे फुजियान प्रांतातल्या आजच्या च्वानचौ बंदरात. 'तिथे आमच्या पंथाची दोन घरं आहेत,' असं तो सांगतो.

चीनमध्ये तेव्हा मंगोलांचं राज्य होतं आणि झैतूनच्या धक्क्यावर अरब, इराणी, तमिळ, जिनोआचे इटालियन असे सगळे व्यापारी दिसत. एका श्रीमंत आर्मेनियन बाईनं तिथे मोठं चर्च बांधून दिलं होतं. दुसरी वास्तू उभी केली पेरुजियाच्या अँड्र्यूनं. तो पुढे तिथला बिशप झाला. १३२६च्या जानेवारीत त्यानं मायदेशी लिहिलेलं पत्र सुदैवानं टिकलंय. शहराबाहेर पाव मैलावर, झाडीत मठ; वीसेक जणांची सोय; शिवाय चार खोल्या अशा, की कुठल्याही बड्या धर्माधिकाऱ्यानं खुशाल राहावं! खर्च बादशहाच्या तनख्यातून. जिनोआच्या व्यापाऱ्यांच्या हिशेबानं हा तनखा वर्षाला शंभर फ्लोरिन, म्हणजे सोन्याच्या नाण्यांइतका होता. गरिबीचं व्रत घेतलेल्या पंथाला हे कसं चाललं, असा प्रश्न पडतो. अँड्र्यूला मात्र तो पडलेला दिसत नाही.

माणूस प्रामाणिक होता, हेही खरं. इथे प्रत्येकाला आपापला धर्म पाळायची मोकळीक आहे, असं तो लिहितो. ज्यू आणि मुसलमान यांच्यापैकी कुणीच धर्मांतर करत नाही आणि मूर्तिपूजकांपैकी बाप्तिस्मा घेणारे पुष्कळ असले तरी नीट वागत नाहीत, हेही तो लपवत नाही. आणि त्याच पत्रात, हिंदुस्थानात आपले चार बांधव मारले गेल्याची बातमीही आहे. ते चार म्हणजे आपले ठाण्याचे.

१३४०च्या दशकात मारिन्योली नावाचा पोपचा दूत झैतूनला पोचला, तेव्हा चर्चं तीन झाली होती. त्यानं तिथे दोन घंटा ओतवून घेतल्या. पण मठ उभा होता मंगोलांच्या जिवावर. १३५७पासून शहरात दहा वर्षं बंडाळी चालली, १३६८मध्ये मिंग घराणं आलं, परदेशी माणूस नकोसा झाला. थडग्यांचे दगड तटबंदीत चिणले गेले.

१९४६च्या सुमारास तट पाडताना त्यातून एक शिळा निघाली. वू वेन्ल्यांग या स्थानिक शिक्षकाला असे दगड गोळा करायचा नाद होता, त्यानं ती जपली. वर कमळ, त्यावर क्रूस, दोन्हीकडे पंखवाले देवदूत, आणि खाली झिजलेली लॅटिन अक्षरं. ती अँड्र्यूच्या थडग्याची निघाली. च्वानचौच्या सागरी संग्रहालयात ती आहे. कामानिमित्त फुजियानमधल्याच शियामेन शहरात जाणाऱ्यांनी एक दिवस हाताशी ठेवावा. तिथून रेल्वेनं च्वानचौ जवळच आहे.