बिबच्या मागचा नंबर

श्रोतेहो, नमस्कार. ज्या मुलांना काही काळ स्वतःच्या घरी राहता येत नाही आणि म्हणून जी प्रतिपालक कुटुंबात, म्हणजेच फॉस्टर केअरमध्ये वाढत आहेत, त्यांच्या मदतीसाठी होणाऱ्या फन रनविषयी आज बोलायचे आहे. फन रन कशी असते हे आपण जाणताच. अंतर बहुधा पाच किलोमीटरचे असते, धावणारे धावतात, चालणारे चालतात आणि पहिला कोण आला याची फारशी चौकशी होत नाही. पहिला कोण, हे येथे महत्त्वाचे नाही. पुन्हा सांगतो, कारण आयोजकांनाच त्याचा आधी विसर पडतो.

अशाच एका दौडीच्या नोंदणीच्या टेबलापाशी घडलेला प्रसंग मी भेटेल त्याला सांगत असतो. छातीवर टाचायच्या बिबच्या, म्हणजे धावणाऱ्याचा क्रमांक असलेल्या पट्टीच्या, मागे काही रकाने असतात : नाव, रक्तगट, आजार असल्यास तो, आणि तातडीच्या वेळी फोन करायचा नंबर. नऊ-दहा वर्षांचा एक मुलगा आपल्या प्रतिपालक वडिलांबरोबर आला होता. बाकीचे रकाने त्याने पेनने भरले आणि नंबरपाशी थांबून टेबलावरच्या गृहस्थांकडे पेन्सिल मागितली. गृहस्थ नियमाचे पक्के होते. पेन्सिलीचे अक्षर घामाने पुसते, तेव्हा शाईनेच लिहायचे, असे त्यांनी बजावले. मुलगाही ऐकणारा नव्हता. "नंबर बदलतो हो," तो म्हणाला, "मागच्या घरी दप्तरावर पक्क्या शाईने लिहिला होता, तो खोडताना दप्तरच खराब झालं." मागे रांग वाढत होती आणि गृहस्थ पेन पुढे धरून तसेच उभे होते. तेव्हा वडील म्हणाले, "शाईने लिही. उद्या तू कुठल्याही घरी गेलास, अगदी आईकडे परत गेलास, तरी हा नंबर माझाच असेल आणि फोन मीच उचलेन."

"रात्री वाजला तरी?"

"रात्री वाजला तरी. फक्त आवाज जरा घोगरा येईल."

मग मुलाने आकडे इतके मोठे काढले की रक्तगटाचा रकाना त्यांच्याखाली गेला, आणि नियमाचे पक्के गृहस्थ चक्क गप्प राहिले. पाण्याच्या एकाच टेबलाकडे वारंवार वळून जात असल्यामुळे मुलगा जवळजवळ शेवटी पोहोचला. वडील त्याच्याही मागून आले.

त्या वडिलांनी "तू कायम येथेच राहशील" असे म्हटले नाही, कारण ते त्यांच्या हातात नव्हते. प्रतिपालन म्हणजे दत्तक नव्हे. परिस्थिती सुधारल्यास मूल स्वतःच्या घरी परतू शकते. मुलांच्या पर्यायी संगोपनाविषयी संयुक्त राष्ट्रांनी २००९ साली स्वीकारलेली मार्गदर्शक तत्त्वे भावंडांची सहसा ताटातूट करू नये असे सांगतात आणि तीन वर्षांखालील बालकांसाठी कुटुंबाचाच आग्रह धरतात. रुमानियाची राजधानी बुखारेस्टमध्ये एका अभ्यासासाठी बालसंगोपन संस्थांतील १३६ बालकांपैकी निम्म्यांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसे निवडून प्रतिपालक घरी ठेवले गेले. त्यांची बौद्धिक वाढ सरस झाली, आणि लहान वयातच प्रतिपालक घरी गेलेल्यांना लाभ अधिक झाला, असे २००७ साली प्रसिद्ध झाले.

म्हणून दौडीतून जमलेला पैसा घर बदलले तरी मुलाबरोबर जाईल अशाच गोष्टींवर खर्च व्हावा, असे माझे मत आहे : मापाचे बूट, शिकवणी, समुपदेशन, दुसऱ्या घरी असलेल्या भावंडाला भेटायचा प्रवासखर्च. मुलाबरोबर जाईल तेच, हे ध्यानात असू द्यावे. बिब, पाणी, रुग्णवाहिका यांचा भार प्रायोजकांनी उचलावा, म्हणजे नोंदणीचे पैसे पूर्ण मुलांपर्यंत पोहोचतील. प्रमुख पाहुण्यांचे भाषण अंगातली ऊब जाईपर्यंत लांबू नये, हेही ओघाने सांगतो; ताठलेल्या पोटऱ्यांना वक्तृत्वाचा उपयोग नसतो.

आणखी दोन विनंत्या आहेत. अर्जात 'आईवडिलांचे नाव' असा रकाना न ठेवता 'सोबतच्या जबाबदार व्यक्तीचे नाव' असा ठेवावा. ही मुले दौडीत आली असतील, तर त्यांना व्यासपीठावर बोलावू नये, ध्वनिक्षेपकावरून त्यांची ओळख करून देऊ नये आणि त्यांची छायाचित्रे कोठेही देऊ नयेत. कोणते मूल कोणत्या घरातून आले आहे, हे शेजारी धावणाऱ्याला कळायचे काहीच कारण नाही.