झाकणाच्या आतला आकडा

श्रोतेहो, नमस्कार.

पंपावर गाडी लावली की काच पूर्ण खाली व्हायच्या आत प्रश्न येतो, "साहेब, साधं का पॉवर?" पंप कुठल्याही कंपनीचा असो, महागड्या पेट्रोलला सरसकट 'पॉवर' नाहीतर 'स्पीड' म्हणायची आपल्याला सवय आहे. स्कूटरवाला "साधं" म्हणतो आणि शून्य बघतो. रांगेत मर्सिडीज, बीएमडब्ल्यू किंवा ऑडी असेल तर मात्र पुष्कळदा कुणी विचारतही नाही. महागड्या पेट्रोलचं नोझल उचललं जातं आणि मालकही अडवत नाही. साठ लाखांच्या गाडीत साधं पेट्रोल घालणं म्हणजे व्याह्यांना पंगतीत शिळी पोळी वाढल्यासारखं वाटतं.

मी २८ वर्षं पुण्यात गॅरेज चालवतो आहे. ही भावना मी रोज बघतो आणि मला तिच्याबद्दल आदर आहे. पै पै जोडून ज्याने एक चांगली गाडी घेतली, त्याला तिचं सगळं उत्तमच करावंसं वाटणार. पण पेट्रोलच्या बाबतीत महाग तेवढं उत्तम हा हिशोब चुकतो. आणि तो चुकला की गाडीला ज्याची खरी गरज असते, नेमकं त्यासाठी पैसे उरत नाहीत. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

मागच्या मे महिन्यात एक काका आले. बँकेतून निवृत्त झालेले. मुलाच्या आग्रहावरून आठ वर्षं वापरलेली जर्मन सेदान घेतली होती. म्हणाले, "कात्रज चढताना इंजिन नॉक करतंय. चार महिने झाले, शंभर ऑक्टेनवालं भरतोय, तरी आवाज जात नाही." मी त्यांना शेजारी बसवून जुन्या कात्रज घाटात गाडी नेली. काचा खाली केल्या. डोंगराच्या बाजूने गाडी चालवली की आवाज कड्यावर आपटून परत येतो आणि नीट ऐकू येतो. आवाज होता, पण नॉकिंगचा नव्हता. एक्झॉस्टच्या नळीवर उष्णता अडवण्यासाठी पत्र्याचं आवरण असतं. त्याचा एक बोल्ट गंजून निखळला होता, आणि इंजिनाला जोर दिला की तो पत्रा थरथरत होता. एक बोल्ट, एक वॉशर, काम झालं.

त्या पत्र्याचं मला काही वाटलं नाही. वाईट वाटलं ते ऑइल फिल्टर उघडल्यावर. ऑइल काळंकुट्ट झालेलं, फिल्टर गाळाने भरलेला. सर्व्हिस पाच हजार किलोमीटर पुढे गेली होती. काका हळूच म्हणाले, "पेट्रोललाच इतके जातात, म्हणून म्हटलं सर्व्हिस गणपतीनंतर करू."

तेव्हा आधी ऑक्टेन म्हणजे काय ते बघू. सायकलचा पंप पुणेकरांना समजावून सांगायला नको. चार-पाच दणके मारले की पंपाचं खालचं टोक हाताला गरम लागतं. हवा दाबली की तापते. इंजिनात पिस्टन वर येताना पेट्रोल मिसळलेली हवा अशीच दाबतो, साधारण दहाव्या हिश्शापर्यंत. ती तापते आणि ऐन वेळी प्लग ठिणगी टाकतो. तिथून ज्योत पुढे पुढे सरकायला हवी, फटाक्यांच्या माळेत वात जळत जाते तशी. पण वात पोचायच्या आधीच लांबच्या टोकाचे फटाके एकदम फुटले तर? लांबच्या कोपऱ्यातलं मिश्रण उष्णतेने आणि दाबाने आपोआप भडकतं, त्याचा हादरा पिस्टनला आणि भिंतींना बसतो, आणि डब्यात गोट्या हलवल्यासारखा आवाज येतो. हे नॉकिंग. जोराचं नॉकिंग फार दिवस चाललं तर पिस्टनचा माथा खराब होतो, रिंगाही तुटतात.

पेट्रोल अशा आपोआप भडकण्याला किती टिकाव धरतं, त्याचं माप म्हणजे ऑक्टेन. आयसो-ऑक्टेन नावाच्या द्रवाला १०० गुण दिलेत, नॉर्मल हेप्टेनला शून्य, आणि पंपावरचं पेट्रोल या दोघांच्या मिश्रणाशी ताडून त्याचा आकडा ठरतो. ताकद मोजणारं हे माप नाहीच. इथेनॉलचंच बघा. त्याचा ऑक्टेन शंभराच्या वर आहे, पण एका लिटरमधली ऊर्जा पेट्रोलपेक्षा जवळजवळ एक तृतीयांशाने कमी. आकडा मोठा म्हणजे जोर मोठा असं असतं तर हे शक्य झालं नसतं. नॉकिंग थांबवण्यासाठीच १९२१ मध्ये अमेरिकेत थॉमस मिजली या संशोधकाने शिशाचं संयुग पेट्रोलमध्ये घालून पाहिलं. नॉकिंग थांबलं, आणि पुढची कित्येक दशकं ते विष धुरातून लोकांच्या श्वासात गेलं. आपल्या देशात शिसं घातलेलं पेट्रोल २००० साली बंद झालं.

मी शिकाऊ होतो तेव्हा गॅरेजमध्ये फियाट आणि अ‍ॅम्बेसेडर यायच्या. गाडी नॉक करते म्हटलं की आमचे उस्ताद डेल्कोचा, म्हणजे प्लगांना ठिणगी वाटून देणाऱ्या डब्याचा, बोल्ट ढिला करायचे, बॉनेटवर वाकून कान लावायचे आणि डेल्को हाताने केसभर फिरवायचे. ठिणगी जरा उशिरा पडायची आणि आवाज थांबायचा. याला टायमिंग मागे घेणं म्हणत. आजच्या गाडीत उस्तादांचा तो कान म्हणजे इंजिनाच्या ब्लॉकवर बसवलेला नॉक सेन्सर, आणि त्यांचा हात म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर. नॉकिंगची चाहूल लागली की तो क्षणात टायमिंग मागे घेतो. इंजिन वाचतं, फक्त जोर आणि अ‍ॅव्हरेज थोडं कमी होतं. पण इंजिन ज्या ऑक्टेनसाठी बेतलेलं आहे, त्याच्या वरचं पेट्रोल घातलं तर कॉम्प्युटरला त्यातून घेण्यासारखं फारसं काही उरत नाही. टायमिंग ठरलेल्या जागी असतंच, तिथून ते आणखी पुढे कुठे न्यायचं?

म्हणून पेट्रोलच्या टाकीचं झाकण उघडा. आतल्या बाजूला स्टिकर असतो, नसला तर गाडीच्या पुस्तकात बघा. तिथे आरओएन (ऑक्टेन मोजायची आपल्याकडची पद्धत) ही अक्षरं आणि एक आकडा दिसेल: ९१, ९५, क्वचित ९८. आकड्याआधी 'किमान' लिहिलंय की 'शिफारस', हे चष्मा लावून वाचा, कारण सगळा निर्णय त्या एका शब्दावर आहे. किमान ९५ असेल तर त्याच्या खाली जायचं नाही. शिफारस ९५ आणि किमान ९१ असेल तर ९१ वरही गाडी धड चालते, फक्त पूर्ण जोर लावत नाही.

इथे मला माझाच जुना सल्ला बदलावा लागतो आहे. गाड्यांच्या धुरासाठीचे बीएस-सहा हे नियम आले तेव्हा, म्हणजे २०२० मध्ये, साध्या पेट्रोलला किमान ९१ ऑक्टेनचा नियम होता आणि महागडं पेट्रोल ९५ च्या आसपास. त्या वेळी टर्बो, म्हणजे इंजिनात हवा दाबून ढकलणारा पंखा असलेल्या गाडीवाल्यांना मी स्वतः म्हणायचो, घाटात जाणार असाल तर वरचं भरा. आता साध्या पेट्रोलमध्येच वीस टक्के इथेनॉल असतं, आणि त्यामुळे त्याचा ऑक्टेन ९५ वर गेल्याचं पेट्रोलियम मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये सांगितलं. आपल्याकडच्या बहुतेक आलिशान पेट्रोल गाड्या ९५ मागतात. म्हणजे त्यांना हवा असलेला आकडा साध्या नोझलमधूनच मिळतो आहे. ९५ च्या महागड्या पेट्रोलसाठी आपण वर जे जास्तीचे पैसे मोजतो, ते मुख्यतः इंजिन साफ ठेवणाऱ्या रसायनांचे.

ती रसायनं निरुपयोगी नाहीत. पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्टरच्या तोंडाशी साचणारी घाण ती कमी करतात. पण नव्या आलिशान गाड्यांत बहुधा डायरेक्ट इंजेक्शन असतं, पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं. ते इनटेक व्हॉल्व्हवरून, म्हणजे हवा आत घेणाऱ्या झडपेवरून, जातच नाही, त्यामुळे तिथला कार्बन कितीही भारी पेट्रोल घातलं तरी धुतला जात नाही. तो वेगळा साफ करून घ्यावा लागतो.

वरचं पेट्रोल खरोखर लागतं अशाही गाड्या आहेत. हिंजवडीत नोकरी करणारी एक मुलगी माझ्याकडे येते. तिने छोटी पण फार तेज टर्बो गाडी घेतली, वापरलेली. मेच्या उन्हात एसी लावून, चौघांना घेऊन खंबाटकी चढताना गाडी मरगळते अशी तिची तक्रार होती. दुसऱ्या एका ठिकाणी तिला टर्बोच बदलायला सांगितलं होतं. मी झाकण उघडलं, आत ९८ लिहिलेलं. ती भरत होती साधं. बाहेरची हवा तापलेली, टर्बो ती आणखी दाबून आत ढकलणार, आणि कॉम्प्युटर बिचारा सारखं टायमिंग मागे घेत होता. तिला म्हटलं, "बेटा, टर्बो राहू दे. दोन टाक्या वरच्या ऑक्टेनचं भर आणि मग ये." ती आली ती हसतच. शंभर ऑक्टेनचं पेट्रोल देशात पहिल्यांदा डिसेंबर २०२० मध्ये ज्या दहा शहरांत आलं, त्यांत पुणे होतं, त्यामुळे आपल्याकडे ते शोधावं लागत नाही. अर्धी टाकी ९५ आणि अर्धी १०० भरली तर मिश्रण साधारण साडेसत्त्याण्णवच्या आसपास येतं, हेही मी तिला सांगून ठेवलं आहे. गावाकडे वरचं पेट्रोल मिळालं नाही, तर साध्यावर सावकाश चालवायची, घाटात पाय दाबायचा नाही. तेवढ्याने इंजिन बिघडत नाही.

आणखी एक घोळ अमेरिकेहून येतो. पुण्यात कुणाचा ना कुणाचा मुलगा तिकडे असतोच. तो फोनवर सांगतो, "बाबा, आमच्याकडे साधं ८७ असतं, प्रीमियम ९१ किंवा ९३." बाबांना वाटतं, म्हणजे आपलं ९५ तिकडच्या प्रीमियमपेक्षा भारी. तसं नाही. तिकडे दोन वेगळ्या पद्धतींनी मोजलेल्या ऑक्टेनची सरासरी पंपावर लिहितात, आपण त्यातली एकच पद्धत लिहितो. त्यांचं ८७ म्हणजे आपल्याकडचं साधारण ९१, आणि त्यांचं ९१ म्हणजे आपलं साधारण ९५.

तिथल्या ट्रिपल ए या वाहनचालकांच्या संघटनेने २०१७ मध्ये ज्या गाड्यांना प्रीमियमची फक्त शिफारस आहे, सक्ती नाही, अशा गाड्या तपासल्या. प्रीमियमवर इंधनाची बचत सरासरी २.७ टक्के आणि ताकदीत वाढ १.४ टक्के निघाली. आता आपला हिशोब करा. महिन्याला हजार किलोमीटर, अ‍ॅव्हरेज दहाचं, म्हणजे शंभर लिटर. लिटरमागे आठ रुपये जास्त धरले तर वर्षाला ९,६०० रुपये. शंभर ऑक्टेनवालं साध्यापेक्षा लिटरमागे पन्नास रुपयांनी महाग धरलं तर साठ हजार. काकांच्या गाडीची सर्व्हिस, ऑइल, प्लग, ब्रेक पॅड, सगळं त्यात बसलं असतं.

इथेनॉलबद्दल मला फार विचारतात. एक गैरसमज आधी काढतो. ९५ चं महागडं पेट्रोल भरलं म्हणजे इथेनॉल टळलं, असं धरून चालू नका. ऑक्टेनचा आकडा इथेनॉलचं प्रमाण सांगत नाही. गाडीला किती टक्के इथेनॉल चालतं त्यासाठी त्याच झाकणाच्या आत ई-५, ई-१० किंवा ई-२० अशी खूण असते. जुन्या गाडीवर ई-१० असेल तर वीस टक्केवाल्या पेट्रोलवर अ‍ॅव्हरेज घटेल. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात अशा काही जुन्या चारचाकींसाठी सहा-सात टक्के घट धरलेली आहे. दर सर्व्हिसला रबरी नळ्या, सील आणि पेट्रोल फिल्टर मेकॅनिककडून मुद्दाम बघून घ्या. आणि गाडी सोसायटीच्या पार्किंगमध्ये महिनोन् महिने झाकून ठेवू नका. इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं, पेट्रोल शिळं होतं. पुण्यात अशा झाकून ठेवलेल्या सुंदर गाड्या मी फार पाहतो आणि मला हळहळ वाटते. आठवड्यातून एकदा तरी सिंहगड रस्त्याला एक चक्कर मारून आणा.

डिझेल गाडीवाल्यांना यातलं काही लागू नाही, त्यांचं माप वेगळं.

काका गेल्या महिन्यात सर्व्हिसला आले, या वेळी ठरल्या किलोमीटरला. टाकीत साधं पेट्रोल होतं. जुनं ऑइल ट्रेमध्ये उतरलं ते तपकिरी होतं, काळं नव्हतं. मी विचारलं, "काका, कात्रजला आवाज?" म्हणाले, "येतो ना. इंजिनाचा. आता काच खाली करूनच चढतो."

नमस्कार.