दहाव्या दिवसाचं औषध

[दृश्य: सोलापूर जिल्ह्यातला गोठा. पहाटेच्या धारा.]

ही पंढरपुरी म्हैस. शिंगं खांद्यावरून पार मागे गेलेली. काटक जात; कडबा आणि उसाच्या वाड्यावरही दूध देणारी. दुष्काळी पट्ट्यात कितीतरी घरं हिच्या दुधावर उभी राहिली. पण म्हैस पान्हा सोडते ती पारडासाठी. पारडू सडाला लागलं, त्यानं दोन ढुशा दिल्या, की कास भरते. पारडू दगावलं तर ती दूध चोरते. पूर्वी अशा वेळी मेलेल्या पारडाच्या कातड्यात पेंढा भरून ते तिच्यापुढं ठेवायचे. आता सर्रास इंजेक्शन मारतात.

[दृश्य: दावणीच्या टोकाला बांधलेलं पारडू.]

याचं वय सव्वा महिना. पोट डेरेदार, पण बरगड्या मोजून घ्याव्यात. केस राठ झालेत. शेपटीला मातकट हगवण चिकटलीय आणि तिचा घाण वास लांबूनच येतो. तोंडाजवळ गेलं तर श्वासही आंबूस लागतो.

आतड्यात जंत आहेत. पिवळसर पांढरे, वीतभर लांब, पेन्सिलीइतके जाड. शास्त्रीय नाव टॉक्सोकॅरा विट्युलोरम. गाईच्या वासरांनाही होतात, पण म्हशीच्या पारडांना फार छळतात. संख्या वाढली की त्यांचा गोळा होऊन आतडं बुजतं, कधी फुटतंही.

ज्या पारडानं अजून चाऱ्याला नीट तोंड लावलेलं नाही, त्याच्या पोटात एवढे मोठे जंत आले कुठून?

आईच्या दुधातून. म्हशीच्या अंगात या जंताच्या अळ्या दडून असतात. तिला त्यांचा काही त्रास नसतो. ती व्यायला आली की अळ्या कासेकडं सरकतात आणि चिकातून, पहिल्या दिवसांच्या दुधातून पारडाच्या पोटात उतरतात. तीन आठवड्यांत त्यांचे पूर्ण वाढलेले जंत होतात आणि शेणातून अंडी पडू लागतात.

हे कळल्यावर काही जण चीकच तोडतात. तसं अजिबात करू नका. म्हशीच्या वारेतून पारडाला रोगप्रतिकारशक्ती मिळत नाही. ती मिळते फक्त चिकातून, आणि तीही पहिल्या काही तासांतच. चिकाविना राहिलेलं पारडू जंत वाढायच्या आधीच दुसऱ्या कुठल्या तरी रोगानं जाईल. म्हशीला जंताचं औषध पाजूनही भागत नाही, कारण मांसात दडलेल्या अळ्यांपर्यंत नेहमीची औषधं नीट पोहोचत नाहीत.

म्हणून चीक पोटभर पाजायचा आणि औषध पारडालाच द्यायचं. दहाव्या ते सोळाव्या दिवसाच्या दरम्यान एकदा, हगवणीची वाट न बघता. शेण तपासून मग बघू, असंही नको. या वयात जंतांनी अंडी घातलेलीच नसतात, तपासणीत काही सापडणार नाही.

[दृश्य: दुसरं, दहा दिवसांचं पारडू. टेपनं त्याची छाती मोजली जातेय.]

अंदाजानं औषध देऊ नका. मात्रा कमी पडली तर जंत मरत नाहीत आणि पुढं त्या औषधाला दाद देईनासे होतात. छातीचा घेर इंचांत मोजा. खांद्याच्या टोकापासून मागच्या बैठकीच्या हाडापर्यंत लांबी मोजा. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले 660. या पारडाचा घेर 28, लांबी 26. वजन आलं साधारण 31 किलो. पायपेराझिन द्यायचं की फेनबेंडाझोल, आणि किती मिली, हे या वजनावरून तुमचे पशुवैद्यक सांगतील.

[दृश्य: जवळून. औषध पाजणं.]

पारडू कोपऱ्यात घेतलंय. हनुवटी हातावर, तोंड जेमतेम पाठीच्या रेषेत. नळी गालाच्या कडेनं आत जाते आणि औषध घोटाघोटानं सुटतं. मान वर ताणली किंवा जीभ ओढून धरली तर औषध फुप्फुसात उतरतं आणि पारडू निमोनियानं मरतं. खोकलं, तर लगेच थांबायचं.

उद्या शेणात काहीच दिसणार नाही. औषध फुकट गेलं असं वाटेल. ते फुकट गेलेलं नसतं: जंत अजून एवढे बारीक आहेत की मेले तरी सहज डोळ्यांना दिसत नाहीत.

सव्वा महिन्याच्या त्या पारडाचं प्रकरण वेगळं. पोट जंतांनी गच्च असताना मनानं औषध पाजू नका. सगळे एकदम सुटले तर आतडं तुंबू शकतं. दवाखाना लांब असेल तर 1962 या पशुवैद्यकीय मदत क्रमांकावर फोन करा.

शेण रोज उचला. अंड्यांची टरफलं जाड, ती मातीत महिनोन्‌महिने टिकतात; पण पडल्या पडल्या ती बाधक नसतात, आत अळी तयार व्हायला काही दिवस लागतात. तेवढ्यात शेण हललं आणि जागेला कडक ऊन मिळालं, की पुष्कळ काम झालं. नाहीतर माती चाटणाऱ्या पारडीच्या अंगात अळ्या शिरतात, दडून बसतात, आणि ती पहिल्यांदा विते तेव्हा तिच्या पारडात उतरतात.

औषध पारडीला पाजाल, तसंच नर पारडालाही पाजा. दूध देणार नाही म्हणून त्याला वगळलं जातं, आणि त्याच्या शेणातून पडणारी अंडी त्याच गोठ्यात पसरतात.