नागपूर ते चेन्नई, खाट ते खाट

(दृश्य: पहाटेचा आयसीयू, व्हेंटिलेटर)

नागपूरहून चेन्नई, हवाई अंतर सुमारे ९०० किलोमीटर. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाला इथल्या खाटेवरून तिथल्या खाटेवर न्यायचं आहे, विमान धावपट्टीवर तयार आहे. नातेवाइकांची घाई होणारच. डॉक्टर मात्र अजून खाटेपाशीच आहेत, आणि त्यांनी तिथेच असायला हवं.

उंचावर केबिनमधला दाब साधारणपणे ८,००० फुटांवरच्या हवेइतका उतरतो. त्या दाबाला शरीरात कोंडलेली हवा जवळपास एक तृतीयांशाने फुगते. छातीच्या पोकळीत साठलेली थोडी हवा जमिनीवर निभावून जाते; वर तीच फुफ्फुस दाबते. म्हणून निघण्याआधी पुन्हा एक्स-रे. हवा दिसली, तर ती काढणारी नळी छातीत इथेच घालायची. वर वाकून उभं राहायलाही जागा नसते.

(दृश्य: कफचा दाब मोजणारे हात)

श्वासनलिकेतल्या नळीचा हा फुगा, म्हणजे कफ. दाब २० ते ३० सेंटिमीटर पाण्याइतकाच हवा. विमान चढताना तो वाढतो, अस्तर चेपतं. मोजून हवा काढावी लागते. उतरताना फुगा सैल पडतो, तेव्हा परत भरायची. हे दुसरं नेमकं विसरलं जातं.

(दृश्य: सिलिंडरचं गेज)

ऑक्सिजन. मिनिटाला १० लिटर, खाट ते खाट चार तास: २,४०० लिटर. बरोबर घ्यायचा दुप्पट, कारण विमानाला घिरट्या घालाव्या लागतात, रुग्णवाहिका रहदारीत अडकते. बी टाइप सिलिंडर भरलेला असेल तर १,५०० लिटर. काटा निम्म्यावर असेल तर ७५०. सिलिंडर मोजू नका, काटा वाचा.

खाली ६० टक्के ऑक्सिजनवर असलेल्या रुग्णाला वर साधारण ८० टक्के लागतो. खालीच ८० लागत असेल, तर वर १०० टक्केही अपुरा पडतो. मग वैमानिकाशी आधीच बोलून केबिनचा दाब जमिनीइतका ठेवायचा. त्यासाठी विमान कमी उंचीवरून न्यावं लागतं: इंधन जास्त, हेलकावेही जास्त.

(दृश्य: विमानाच्या दारातून आत जाणारं स्ट्रेचर)

दार अरुंद. पाच जणांच्या हातात स्ट्रेचर, सहाव्याच्या हातात फक्त श्वासाची नळी. नळी निसटण्याचा मोठा धोका इथेच असतो, रुग्णाला उचलून ठेवताना.

(दृश्य: चेन्नई, रुग्णवाहिका)

या प्रवासाचा खर्च लाखांत जातो.

(दृश्य: चेन्नईतला आयसीयू)

खाट बदलली. व्हेंटिलेटर जोडला. कफ पुन्हा मोजला.