दहा हजार कार्डं

[दृश्य: हातानं लिहिलेली कार्डं, एकामागे एक दाटून लावलेली]

युद्धकाळातलं रोम. ग्रेगोरियन विद्यापीठात फादर रोबेर्तो बुसा नावाचे तरुण जेझुइट, म्हणजे एका कॅथलिक धर्मसंघाचे धर्मगुरू, पीएच.डी. करत होते. तेराव्या शतकातले तत्त्वज्ञ संत थॉमस अक्वायनस 'उपस्थिती' कशाला म्हणतात, हा त्यांचा प्रश्न. शोधता शोधता बुसांना उमगलं, की उत्तर जडजंबाल शब्दांत नाही, लॅटिनमधल्या 'इन' या एवढ्याशा शब्दात आहे. आपण 'घरात', 'मनात' म्हणतो, त्यातलं ते 'आत'. मग 'इन' जिथे जिथे आला, ते प्रत्येक वाक्य त्यांनी कार्डावर उतरवलं. कार्डं झाली १०,०००. प्रबंध पूर्ण झाला १९४६ साली.

आणि यंत्र? ते नंतर आलं. १९४९ मध्ये बुसा न्यूयॉर्कला जाऊन आयबीएम या यंत्रं बनवणाऱ्या कंपनीचे प्रमुख थॉमस वॉटसन यांना भेटले. अक्वायनसच्या एक कोटीहून जास्त शब्दांची सूची करायची होती. तिचे ५६ खंड पुरे व्हायला तीस वर्षं लागली.

[दृश्य: पंचिंग यंत्रांपुढे बसलेल्या मुली]

इटलीतलं गाल्लाराते. जुन्या कापड कारखान्यात मुली कार्डांवर लॅटिन ओळी पंच करताहेत, म्हणजे यंत्राला वाचता येतील अशी भोकं पाडताहेत. एकीनं पंच केलेली ओळ दुसरी पुन्हा टाइप करणार. अक्षर जुळलं नाही, की यंत्र अडणार. इतकी काटेकोर तपासणी! पण या मुलींची नावं कित्येक वर्षं कुणी नोंदली नाहीत. पुढे संशोधकांनी त्यांना शोधून काढलं, त्यांच्याशी बोलले. हे मला फार लागतं. शब्द न् शब्द मोजला, माणसं मात्र मोजायची राहिली.

[दृश्य: आजचा वर्ग, लॅपटॉप]

२८ जानेवारी २०२५. अक्वायनसच्या सणाच्याच दिवशी व्हॅटिकननं कृत्रिम बुद्धिमत्तेवर दस्तऐवज काढला. त्यातली एक काळजी विद्यार्थ्यांविषयीची आहे: यंत्र तयार उत्तर हातात ठेवतं, उत्तरापर्यंत चालायला लावत नाही.

कॉलेजं मात्र यंत्राकडून लिहून घेणारे 'चोर' पकडणारं सॉफ्टवेअर शोधत बसली. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयनं स्वतःच असं एक साधन काढलं होतं. यंत्रानं लिहिलेल्या १०० मजकुरांपैकी त्याला २६ ओळखता आले, आणि माणसांनी लिहिलेल्या १०० पैकी ९ त्यानं यंत्राच्या नावावर टाकले. जुलै २०२३ मध्ये ते बंद झालं. त्या नऊ जणांनी आपला खरेपणा कसा सिद्ध करायचा?

मुंबईत १८६९ साली सेंट झेवियर्स कॉलेज काढणारे जेझुइट बुसांच्याच संघाचे. तिथे काय, किंवा रोममध्ये काय, मला वाटतं, शिक्षकानं विद्यार्थ्याला समोर बसवावं आणि त्याची कार्डं मागावीत. हे वाक्य कुठे सापडलं? आधी काय लिहिलं होतंस, आणि ते का खोडलंस? यंत्राला काय विचारलंस? त्यानं दिलेलं कुठे पटलं नाही?

आणि हो, तुला मदत कुणाकुणाची झाली, त्यांची नावं लिही.