ऊन लागून गेला, पण कागदावर हार्ट अटॅक

मे 2010, अहमदाबाद. पारा 46.8 डिग्रीपर्यंत चढला. लोक म्हणत होते यंदा उन्हाळा कडक आहे. पण नंतर संशोधकांनी त्या महिन्यातल्या सगळ्या मृत्यूंच्या नोंदी काढून आदल्या आणि पुढच्या वर्षाच्या मे महिन्याशी ताडून पाहिल्या तेव्हा कळलं की नेहमीपेक्षा तब्बल 1344 माणसं जास्त गेली होती.

एवढी माणसं गेली आणि कुणाच्या लक्षात कसं आलं नाही? कारण उन्हानं माणूस मरतो तेव्हा कागदावर बहुतेकदा ऊन लिहिलेलं नसतंच. अंग गार ठेवायला हृदय जास्तीचं रक्त कातडीकडे ढकलत राहतं, घामावाटे पाणी जातं, रक्त घट्ट होतं, किडनीवर ताण येतो, मग आधीच बीपी-शुगर असलेला माणूस झोपेत जातो आणि घरचे म्हणतात अटॅक आला.

आणि नुसत्या पाऱ्यावर जाऊ नका हां. घाम वाळला तरच अंग गार होतं, दमट हवेत तो वाळत नाही, नुसता निथळतो. 16 एप्रिल 2023 ला नवी मुंबईत खारघरच्या मैदानात महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्याला भर उन्हात लोक तासन्‌तास बसून होते, त्यात 14 जण गेले, आणि पारा तेव्हा चाळिशीच्या आतच होता.

रात्रीचं तर कुणी बोलतच नाही. पत्र्याच्या खोलीत दिवसभर साठलेली धग पहाटेपर्यंत उतरत नाही, शरीराला सावरायला वेळच मिळत नाही, आणि मजुराला सकाळी परत साइटवर जायचंच असतं कारण खाडा झाला की रोजी बुडते.

अहमदाबादनं मात्र आकडा बघून हात झटकले नाहीत. 2013 मध्ये तिथल्या महापालिकेनं हीट अॅक्शन प्लॅन आणला, आधीच इशारा, डॉक्टरांना ट्रेनिंग, पाण्याची सोय. मला सगळ्यात भावलेली गोष्ट तिथल्याच एका सरकारी हॉस्पिटलची आहे. तिथं बाळंतिणी आणि नवजात बाळांचा वॉर्ड वरच्या मजल्यावर होता, डोक्यावर तापलेला स्लॅब. तो वॉर्ड खाली हलवला आणि उष्णतेनं आजारी पडणारी बाळं कमी झाली! ना महागडं मशीन, ना नवी बिल्डिंग.

आता तुमच्यासमोर कुणी उन्हात बरळायला लागलं, झोकांड्या खायला लागलं तर 108 ला फोन लावा, सावलीत घ्या, अंगभर पाणी ओता, वारा घाला. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी अजिबात घालू नका. पॅरासिटामॉलनं हा ताप उतरत नाही. आणि दवाखान्यात गेल्या गेल्या सांगा की माणूस उन्हात काम करत होता, किती वेळ करत होता, आणि अंगातला ताप लगेच मोजून केसपेपरवर लिहायला लावा.