गुहेत अचानक पाणी शिरलं तर? पोहू नका, वर चढा!

नमस्कार मंडळी! मेघालयच्या गुहांचा व्हिडिओ टाकल्यापासून कमेंटमध्ये एकच प्रश्न फिरतोय, की दादा तुम्ही एवढे आत गेलात आणि तेवढ्यात पाऊस आला असता तर? प्रश्न एकदम बरोबर आहे, म्हणून आज फक्त त्यावरच बोलू.

हेल्मेट घाला, एकटे जाऊ नका, प्रत्येकाकडे तीन दिवे ठेवा, किती वाजता परत येणार ते बाहेर कुणाला तरी सांगून जा. हे सगळं तुम्हाला माहितीये, त्यात वेळ घालवत नाही.

आधी हे समजून घ्या की पाणी येतं कुठून. आपल्या सह्याद्रीत काळा कातळ, बेसाल्ट. आपण ज्याला गुहा म्हणतो त्या बऱ्याचशा माणसांनी कोरलेल्या लेण्या आहेत, उंचावर, डोंगराच्या कुशीत. मेघालय, थायलंड, स्लोव्हेनिया इथल्या मोठ्या गुहा मात्र चुनखडीच्या. त्या पाण्यानेच तयार केल्यात, म्हणजे तो पाण्याचाच रस्ता आहे, आपण कोरड्या दिवसात तिथून चालतो एवढंच. डोंगरावर कुठेतरी लांब पाऊस पडतो, भोकांतून, भेगांतून खाली उतरतो आणि कधी कधी काही तासांनी तुमच्यापर्यंत पोचतो. त्यामुळे गुहेच्या तोंडाशी ऊन आहे म्हणून आत सेफ आहे असं अजिबात नाही.

सोहरा म्हणजे चेरापुंजी, तिथल्या जवळच्या एका गुहेत आमच्या गाईडने मला थांबवलं आणि टॉर्च छताकडे मारला. माझ्या डोक्याच्या हातभर वर, दगडाच्या फटीत एक वाळलेलं पान अडकलेलं, बाजूला बांबूची काडी आणि चिखलाचा पट्टा. मी म्हटलं, हे इथे कसं आलं? तो म्हणाला, "भैया, पानी यहाँ तक आता है।" आम्ही डिसेंबरमध्ये गेलो होतो, पायाखाली वाळू कोरडी होती, तरी ते पान बघून माझ्या पोटात गोळा आला. तेव्हापासून कुठल्याही गुहेत गेलो की मी आधी छत आणि भिंती बघतो. चिखल, पाचोळा, काड्या जिथपर्यंत दिसतात तिथपर्यंत पाणी येऊन गेलंय, आणि तुम्हाला बसायची जागा शोधायची असते त्याच्याही वर.

आता मुख्य मुद्दा. २०१८ चं थाम लुआंग गुहेचं प्रकरण तुम्हाला आठवत असेल, थायलंडमधल्या चियांग राईची फुटबॉल टीम, १२ पोरं आणि २५ वर्षांचा कोच. २३ जूनला प्रॅक्टिस झाल्यावर तासाभरासाठी म्हणून आत गेले. गुहेबाहेर बोर्ड होता की जुलै ते नोव्हेंबर आत जाऊ नका, म्हणजे बोर्डाच्या हिशोबाने ते नियमातच होते, पण पाऊस तारीख बघून येत नाही ना. पाणी चढलं, रस्ता बंद झाला आणि ती पोरं सापडली थेट २ जुलैला, तोंडापासून साधारण चार किलोमीटर आत.

आणि इथेच मला त्या कमेंट्सवर बोलायचंय. "मी असतो तर श्वास धरून पोहून बाहेर आलो असतो." "नदीकाठचा आहे मी, लहानपणापासून डुंबतोय." अरे बाबांनो, नको! मी हे हात जोडून सांगतोय, कारण उद्या कुणीतरी हे वाचून खरंच पाण्यात उतरेल.

बेसिनखालचा वाकडा पाईप डोळ्यासमोर आणा, ज्याच्यात कायम पाणी साचलेलं असतं. गुहेतला रस्ता असाच खाली जाऊन वर येतो आणि ते खालचं वळण छतापर्यंत भरतं. वर डोकं काढायला जागाच नाही. ते दोन मीटर लांब आहे की दोनशे, हे तुम्हाला अलीकडून दिसत नाही. पाणी चहासारखं गढूळ, स्वतःचा हात दिसत नाही, आणि मध्येच श्वास संपला तर नदीत वर येता येतं, इथे वर दगड आहे.

अजून पटत नसेल तर हे ऐका. त्या कोचने स्वतः हे करून बघितलं होतं. कमरेला दोर बांधून पाण्यात बुडी मारली, रस्ता सापडेना, पोरांनी दोर ओढून त्याला मागे घेतलं. त्यानंतर ते सगळे वरच्या उताराकडे सरकले, आणि माझ्या मते ती १३ माणसं जगली ती त्या निर्णयामुळे. उलट समन कुनान, थायलंडच्या नेव्ही सीलचा, म्हणजे नौदलाच्या खास तुकडीचा माजी जवान, पाठीवर हवेची टाकी, पूर्ण ट्रेनिंग, आत टाक्या पोचवून परत येताना ६ जुलैला पाण्यातच गेला. आपण कोण लागून गेलो मग?

तिसरी गोष्ट. पोरं सापडल्यावरसुद्धा त्यांना पोहायला शिकवून बाहेर नाही काढलं. ऑस्ट्रेलियाचे भूलतज्ज्ञ डॉक्टर रिचर्ड हॅरिस यांनी त्यांना केटामाइन देऊन चक्क बेशुद्ध केलं, तोंडाला फुल मास्क लावला आणि डायव्हर्सनी त्यांना सामानासारखं धरून ८ ते १० जुलै या तीन दिवसांत बाहेर आणलं. कारण शुद्धीत असलेलं माणूस त्या अंधाऱ्या पाण्यात घाबरून हातपाय झाडणार, मास्क निघणार, स्वतःबरोबर डायव्हरलाही नेणार. जगातले उत्तम गुहा-डायव्हर्स म्हणतायत की जागा माणूस इथून नेणं धोक्याचं, आणि आपण श्वास धरून निघालोय.

हो, पाणी नुकतंच गढूळ व्हायला लागलंय, आवाज वाढलाय, काड्या-पानं वाहत येतायत आणि तोंड जवळ आहे, रस्ता उघडा आहे, तर क्षणभर न थांबता बाहेर पडा, सेल्फी वगैरे काही नाही. पण पाणी तुमच्या आणि तोंडाच्या मध्ये आलं की संपलं. मग वर.

आणि वर जायला जागाच नसेल तर? इंग्लंडच्या यॉर्कशायरमधल्या मॉसडेल गुहेत २४ जून १९६७ ला दहा जण गेले होते, चौघं लवकर बाहेर पडले, नंतर पाऊस आला आणि आत राहिलेले सहाही जण दगावले. तिथले रस्ते लांबच लांब आणि सरपटत जायचे, इतके बुटके. म्हणून पावसाचा जरा जरी अंदाज असेल तर अशा बोळात शिरायचंच नाही, दुसरा उपायच नाही त्याला.

वर पोचलात, आता काय? ओले कपडे पिळा, जमिनीवर थेट बसू नका, दोर किंवा सॅक खाली घ्या आणि एकमेकांना चिकटून बसा. गुहेत भुकेच्या आधी थंडी माणसाला खाते. दिवा एकच लावा, बाकीचे बंद. पाणी हवंच, थाम लुआंगच्या पोरांकडे खायला काही नव्हतं (केक-बिस्किटं नेली होती ही अफवा, ते खाऊनच आत गेले होते), ते दगडावरून टपकणारं पाणी पीत राहिले, खालचं गढूळ नाही. कोच पूर्वी भिक्खू होता, त्याने त्यांना ध्यानाला बसवलं, शांत बसल्याने शक्तीही वाचते. आणि जागा शक्यतो मोठी निवडा, कोंडलेल्या हवेत ऑक्सिजन कमी होत जातो, एरवी २१ टक्के असतो तो त्यांच्याकडे १५ वर आला होता.

एकाने विचारलंय, सांदण दरीला हे लागू होतं का? ती गुहा नाही, घळ आहे, पण पाण्याची गोष्ट तीच. वर पाऊस झाला की त्या चिंचोळ्या भिंतींमध्ये लोंढा येतो आणि बाजूला पळायला जागा नाही. पावसाळ्यात साम्रदचे गावकरी नाही म्हणाले तर त्यांच्याशी वाद घालू नका.

आणि एक सांगायचंच होतं, थाम लुआंगमधलं पाणी उपसायला आपल्या किर्लोस्कर ब्रदर्सचे इंजिनियरही गेले होते, चार पंप इकडे सांगलीत किर्लोस्करवाडीला विमानाने पाठवायला तयार ठेवले होते. उपसलेलं पाणी तिथल्या शेतकऱ्यांच्या भातशेतीत शिरलं आणि त्यातल्या काहींनी नुकसानभरपाई घ्यायला नकार दिला. मला हे वाचताना भरून आलं होतं.

शेवटची कमेंट. "वाट किती बघायची?" स्लोव्हेनियात जानेवारी २०२४ मध्ये क्रिझ्ना गुहेत पाच जण अडकले होते, ते दोन दिवसांनी बाहेर आले. मेक्सिकोत २००४ ला सहा ब्रिटिश आठवडाभरापेक्षा जास्त आत होते, पण त्यांनी आत सामान साठवून ठेवलं होतं. म्हणजे नक्की आकडा नाही. फक्त वेगळे होऊ नका, कुणी "मी जरा बघून येतो" म्हणाला तरी जाऊ देऊ नका. २ जुलैच्या त्या व्हिडिओत ब्रिटिश डायव्हर पाण्यातून डोकं वर काढून पहिल्यांदा काय विचारतो माहितीये? किती जण आहात? आणि अंधारातून एक पोरगा सांगतो, तेरा.

हेडलॅम्प कुठला घ्यायचा तो व्हिडिओ रविवारी टाकतोय. चला, भेटू.